वारंवार थांबणारा ओडोमीटर : बिघाड मीटरमध्ये दिसतो, कारण बहुधा गिअरबॉक्सपाशी असते

जुन्या मोटारींच्या मीटरबद्दल जेवढ्या तक्रारी येतात, त्यांत एक तक्रार नेहमीची आहे. काटा व्यवस्थित चालतो, वेगही बरोबर दाखवतो, पण किलोमीटरचे आकडे, म्हणजेच ओडोमीटर, जागच्या जागी थांबलेले असतात. मीटर उघडून आतले सुटलेले प्लास्टिकचे दातेरी चाक चिकटवले जाते, काही आठवडे आकडे पुढे सरकतात आणि मग पुन्हा थांबतात. ‘मीटर केलं की चार दिवस बरं चालतंय, परत हाय तिथंच,’ असे बेळगाव भागातल्या खानापूर, निपाणी, संकेश्वरकडचे गाडीवाले सांगतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला दोष देतात. तो दोष नेहमीच रास्त असतो असे नाही. चाक नीट चिकटवलेले असते. ते मुळात का सुटले, एवढेच कोणी पाहिलेले नसते. हे लेखन त्या ‘का’साठी आहे.

पुढचे सारे विवेचन केबलवर चालणाऱ्या मीटरांना लागू आहे : प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जुनी मारुती ८००, जुन्या जीप आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. ज्या गाडीत सेन्सरकडून विजेचा संकेत मीटरकडे जातो, तिथला बिघाड वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी.

प्रथम आतली रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण निदान तिच्यावरच अवलंबून आहे. गिअरबॉक्समधल्या एका दंडावरून लहान पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, फिरते आणि ते केबलच्या आतली पिळाची तार फिरवते. तारेचे वरचे चौकोनी टोक मीटरच्या मुख्य दांड्यात बसते. इथून पुढे दोन वाटा फुटतात. दांड्याच्या टोकाला चुंबक असतो. तो ॲल्युमिनियमच्या पातळ वाटीजवळ फिरतो, वाटीला ओढ लागते, केसासारखी बारीक स्प्रिंग त्या ओढीला विरोध करते आणि काटा मध्येच कुठेतरी स्थिरावतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेही स्पर्श करत नाहीत. दुसरी वाट मात्र पूर्णपणे दातांची आहे : दांड्यावरच्या वर्मने, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी, आडवा दंड फिरतो, आडव्या दंडावरच्या दुसऱ्या वर्मने किंवा प्लास्टिकच्या लहान दातेरी चाकाने आकड्यांची पहिली चकती फिरते आणि तिच्यापासून पुढच्या चकत्या.

म्हणजेच काटा आणि आकडे एकाच केबलवर चालत असले तरी त्यांचे बिघाड स्वतंत्र असतात. दोन्ही एकदम बंद पडले, तर केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक झिजले आहे किंवा गिअरबॉक्समधल्या पिनियनचे दात गेले आहेत. मीटर उघडण्याची गरजच नाही. काटा थरथरत असेल आणि आकडे चालत असतील, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी मुरडली आहे. आकडे बरोबर असून फक्त वेग चुकीचा दिसत असेल, तर प्रश्न चुंबकाचा किंवा स्प्रिंगचा आहे आणि तो मीटरच्या जाणत्या कारागिराकडेच सोपवावा. आपला विषय उरलेला चौथा प्रकार आहे : काटा चालतो, आकडे चालत नाहीत. इथे बिघाड मीटरच्या डब्यातच आहे यात शंका नाही, पण कारणही तिथेच आहे असे गृहीत धरू नये.

आकडे नेमके कुठे थांबले आहेत ते पाहावे

मीटर खोलण्याआधी थांबलेले आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि त्यांचे छायाचित्र काढावे. हे नोंदीसाठी आहेच, पण निदानासाठीही आहे. शेवटी नऊ आहे का, की दोन-तीन नऊ ओळीने आहेत, हे नीट पाहावे.

प्रत्येक चकतीच्या एका बाजूला वीस दात असतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त दोन. दोन चकत्यांच्या मध्ये एक लहानसे पिनियन बसलेले असते. उजवीकडची चकती एक पूर्ण फेरा मारून नवावरून शून्यावर येते, तेवढ्या क्षणापुरते तिचे ते दोन दात मधल्या पिनियनला धक्का देतात आणि डावीकडची चकती वीसपैकी दोन दात, म्हणजे एक आकडा, पुढे सरकते. एरवी डावीकडच्या चकत्या स्वस्थ असतात, त्यामुळे बहुतेक वेळ पहिल्या चकतीला फक्त स्वतःचे वजन ओढायचे असते. पण ३९९९९ वरून ४०००० होताना पाचही चकत्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात आणि तो सगळा भार त्या एका प्लास्टिकच्या दातेरी चाकावर येतो. चकत्या मोकळ्या असतील तर हा भार किरकोळ असतो. त्या चिकट झाल्या असतील तर चाक आपल्या दंडावर घसरते, किंवा आधीच चिरलेले असेल तर पूर्ण फाटते.

म्हणून ओळीने नऊ दिसत असताना मीटर थांबला असेल, तर चाक हा परिणाम आहे आणि चकत्यांचा अडथळा हे कारण आहे, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. चाक चिकटवून दिल्यावर काही आठवड्यांनी मीटर पुन्हा का थांबतो, याचेही उत्तर इथेच मिळते. मधले दिवस साध्या आकड्यांचे गेले आणि पुढचे नव्याण्णव किंवा नऊशे नव्याण्णव आले, की अडथळा होता तसाच समोर उभा राहतो.

मधल्याच एखाद्या आकड्यावर मीटर थांबला असेल, तर ट्रिप मीटरची, म्हणजे एकेका प्रवासासाठी शून्यावर आणता येणाऱ्या छोट्या मीटरची, चौकशी करावी. गाडी चालू असताना ट्रिप शून्यावर आणण्याचा खटका दाबण्याची सवय पुष्कळांना असते. अनेक मीटरांत त्या क्षणी फिरते दात आणि मागे येणारे दात एकमेकांवर आदळतात आणि बारीक दात तुटतात. ट्रिप गाडी उभी असतानाच शून्यावर आणावी. यापलीकडे त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

चकत्या चिकट का होतात

आपल्या भागात याची दोन कारणे एकत्र येतात. पहिले धुळीचे. खानापूरच्या पश्चिमेकडची तांबडी माती, पूर्वेकडच्या तालुक्यांतली काळी माती आणि उसाच्या हंगामात चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातल्या रस्त्यांवर उडणारा धुरळा डॅशबोर्डच्या मागे जाऊन बसतोच. पण कोरडी धूळ एकटी फारसे नुकसान करत नाही. चकत्यांवरून ती झटकली जाते. ती चिकटून तिचा लेप होण्यासाठी तेल लागते, आणि मीटरमध्ये तेल येण्याचे काहीच कारण नसते. ते आले असेल तर बाहेरून आले आहे.

ते येते गिअरबॉक्समधून. पिनियन ज्या बुशमध्ये, म्हणजे आधाराच्या नळीत, फिरते, त्या बुशला बाहेरून ओ-रिंग (रबरी कडी) आणि आतून, पिनियनच्या दांड्याभोवती, तेल अडवणारे बारीक ऑइल सील असते. बाहेरची ओ-रिंग गेली तर तेल गिअरबॉक्सच्या अंगावर ओघळते, खाली डाग पडतात आणि मालकाच्या लक्षात येते. आतले सील गेले तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. तेल थेट केबलच्या कव्हरमध्ये शिरते आणि फिरत्या तारेचे वेढे स्क्रूच्या आट्यांप्रमाणे ते वर वर नेत राहतात. महिन्यामागून महिने ते मीटरच्या दांड्यापर्यंत पोचते, चुंबकाच्या वेगाने आत उडते आणि चुंबक, वाटी, चकत्या सगळ्यांवर त्याचा थर बसतो. पावसाळ्यात जांबोटी, चोर्ला किंवा लोंढ्याच्या बाजूला चिखलातून सतत चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारे छिद्र, चिखलाने बुजते. मग तापलेल्या गिअरबॉक्समधला दाब बाहेर पडण्यासाठी सीलच शोधतो. गिअर ऑइल पातळीपेक्षा जास्त भरले असेल तरी हेच घडते.

मीटर न उघडताही हे ओळखण्याची एक खूण आहे. हिवाळ्यात सकाळी गाडी निघाल्यावर काटा खऱ्या वेगापेक्षा बराच वर जात असेल, गाडी थांबल्यावर शून्यावर सावकाश येत असेल आणि अर्ध्या तासाने हे सगळे सुधारत असेल, तर चुंबक आणि वाटीच्या मध्ये तेल गेलेले आहे. थंड, घट्ट तेल वाटीला स्वतःबरोबर ओढते. तापल्यावर ते पातळ होते आणि ओढ कमी होते. खात्री करायची असेल तर मीटरच्या मागून केबल सोडवून आतली तार थोडी ओढून पाहावी. वरची वीतभर तार ओली, काळसर आणि गिअर ऑइलच्या उग्र वासाची निघाली, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

केबलला हाताने ग्रीस भरणाऱ्यांकडूनही असाच प्रकार घडतो. तारेला ग्रीस लागतेच, पण खालच्या दोन तृतीयांश भागाला बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरे. वरची वीतभर तार कोरडीच ठेवावी. उरलेले काम फिरती तार स्वतः करते.

दुरुस्ती

आधी बॅटरीची अर्थची वायर काढावी, कारण मीटरच्या मागे दिव्यांच्या जोडण्या उघड्या असतात. जीप, ॲम्बॅसेडरच्या गोल मीटरांत काचेभोवतीची धातूची कडी मुडपून बसवलेली असते. ती एका ठिकाणी जोर लावून उचकटू नये. बोथट पट्टीने गोल फिरत फिरत, प्रत्येक वेळी थोडी थोडी उचलावी, म्हणजे तीच कडी पुन्हा बसवता येते. मारुतीसारख्या प्लास्टिकच्या पॅनेलमध्ये स्क्रू आणि खटके असतात. जुने खटके ठिसूळ झालेले असतात, म्हणून काम सावकाश करावे. काटा काढल्याशिवाय चकत्यांपर्यंत पोचता येत असेल तर काटा अजिबात काढू नये. काढावाच लागला, तर तो मोकळा असताना नेमका कुठे थांबतो याची खूण आधी करावी.

आता आडवा दंड बोटाने हलकेच फिरवून पाहावा. चाक दंडाबरोबर फिरते की दंड आत एकटाच फिरतो, हे लगेच कळते. त्यानंतर चाकाला हात न लावता चकत्या तपासाव्यात : पहिली चकती नवावरून शून्यावर नेताना बोटाला स्पष्ट जडपणा जाणवत असेल, तर दुरुस्तीचे निम्मे काम तिथे आहे.

चकत्या उतरवताना त्यांचा क्रम आणि बाजू लिहून ठेवावी. त्यांच्यावरचे आकडे छापलेले असतात; पेट्रोल, थिनर किंवा तीव्र द्रावणाने ते साफ पुसले जातात आणि मग पर्यायच उरत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे आणि चकत्या पूर्ण वाळू द्याव्यात. धातूचा दंड मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चकचकीत करावा. चकत्या परत घालताना तेल घालू नये. फवाऱ्याच्या डब्यातले वंगण तर मुळीच मारू नये. ज्या लेपाने मीटर अडला, त्याचीच ती सुरुवात ठरते. वंगण हवे ते एकाच जागी, मीटरचा मुख्य दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तिथे, आणि तेही शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

चकत्या जुळवताना सगळे आकडे खिडकीत एका सरळ रेषेत आले पाहिजेत. एखादा आकडा अर्धा वर, अर्धा खाली दिसत असेल तर त्याच्या उजवीकडचे मधले पिनियन एक दात चुकले आहे. एका आकड्याला दोन दात, म्हणून एक दात चुकला की बरोबर अर्ध्या आकड्याचा फरक. ‘चालवल्यावर बसेल’ असे म्हणून तो तसाच सोडल्यास पुढच्या नवाला तिथेच अडकतो.

नंतर दातेरी चाक. ते भिंगाखाली पाहावे. बहुतेक वेळा मधल्या भोकापासून बाहेरच्या दिशेने केसाएवढी चीर दिसते, कारण घट्ट बसवलेले प्लास्टिक वर्षानुवर्षांनी आकसते आणि ताण सहन न होऊन फाटते. चीर नसेल आणि चाक फक्त घसरत असेल, तर दंडाच्या त्या भागावर बारीक खाचा पाडाव्यात, दोन नळ्यांचा एपॉक्सी टाचणीच्या टोकावर घेऊन लावावा आणि पूर्ण दिवसभर हात लावू नये. खाचांशिवाय नुसता गोंद टिकत नाही. ही चाके बहुधा नायलॉन किंवा ॲसिटल जातीच्या प्लास्टिकची असतात आणि त्यांना कोणताच गोंद मनापासून धरत नाही. एपॉक्सी खाचांत शिरून घट्ट होतो, त्या पकडीवर चाक टिकते. झटपट चिकटणारा गोंद मीटरमध्ये वापरूच नये. त्याची वाफ काचेवर आणि डायलवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि पातळ असल्याने तो बुशमध्ये ओघळून सगळा दंडच जाम करतो.

चीर पडली असेल तर गोंदाचा मार्ग सोडून द्यावा. तेवढ्याच दातांचे आणि दातांचा तोच कल असलेले चाक दुसऱ्या निकामी मीटरमधून मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास चाकाच्या मधल्या उंचवट्यावर पितळेची पातळ कडी दाबून बसवता येते. ती चीर मिटवून धरते. बेळगावकरांसाठी ही गोष्ट अवघड नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर बारीक टर्निंगचे काम करणारे हात भरपूर आहेत. त्यांच्यासमोर तुटलेले चाक आणि मूळ दंड दोन्ही ठेवावेत, तोंडी माप सांगू नये.

एवढे करून मीटर बंद करायचा आणि गाडी द्यायची, ही नेहमीची पद्धत आहे आणि तीच या परतफेऱ्यांचे मूळ आहे. तेलाची खूण मिळाली असेल तर पिनियनचा बुश बाहेर काढून आतले सील आणि बाहेरची ओ-रिंग दोन्ही बदलावीत, ब्रीदर तारेने मोकळा करावा, सपाट जागेवर गाडी उभी करून गिअर ऑइलची पातळी भरणीच्या बोल्टाशी मिळवावी. सीलची किंमत किरकोळ असते, मेहनत मात्र गाडीखाली झोपण्याची असते, म्हणून ते टाळले जाते. केबलचे कव्हर आतून धुऊन वाळवावे. तार सपाट काचेवर लोळवून पाहावी. ती उसळत चालली तर मुरडलेली आहे, बदलावी. परत बसवताना केबलला कुठेही पंधरा सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नये.

आकडे कोणते ठेवावेत

चकत्या हातात सुट्या असताना त्यांवर कोणताही आकडा लावता येतो, आणि ‘थोडे कमी करून द्या’ अशी विनंती होते. ती स्पष्टपणे नाकारावी. दुरुस्तीपूर्वी जो आकडा होता तोच परत लावावा. मीटर बंद असताना गाडी किती चालली, याचा अंदाज चकत्यांवर चढवू नये. तो सर्व्हिस पुस्तकात तारखेसह लिहावा. पूर्ण मीटरच बदलला तर जुन्या मीटरचा आकडा नव्यावर लावून तीही नोंद करावी. आपल्या सीमाभागातली जुनी गाडी कोल्हापूरला, सावंतवाडीला किंवा गोव्यात विकली जाते. तिथला घेणारा आपल्या मेस्त्रीला ओळखत नसतो, त्याला ओडोमीटर आणि कागद यांवरच भरवसा ठेवावा लागतो. मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट बदलण्याचा निर्णय त्याच आकड्यावर होतो. खोटा आकडा ही खरेदीदाराची फसवणूक आहे आणि कायद्यातही ती फसवणूकच ठरते.

तपासणी

मीटर गाडीत बसवण्याआधी टेबलावर फिरवून पाहावा. जुन्या केबलच्या चौकोनी टोकाचा तुकडा वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये धरून तो दांड्यात बसवावा आणि अगदी सावकाश सुरू करून काटा वर जातो याची खात्री करावी. उलट फिरला तर काटा खुंटीवर दाबला जातो. जपानी मानकाच्या मीटरांत केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर. इतर अनेक मीटरांत डायलच्या खालच्या कडेला फेऱ्यांची संख्या बारीक अक्षरांत छापलेली असते. काटा ६० वर स्थिर ठेवला तर एका मिनिटात एक किलोमीटर पुढे सरकला पाहिजे. असे करत किमान दोन नऊ एकदम उलटेपर्यंत मीटर चालवावा. लावायचा मूळ आकडा या चाचणीनंतरच चकत्यांवर लावावा, म्हणजे चाचणीचे किलोमीटर गाडीच्या नावावर चढत नाहीत.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या आणि राज्य महामार्गावर हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतात. पुणे–बेंगळुरू महामार्गावर किंवा खानापूरच्या रस्त्यावर, जिथे नवे वळण काढलेले नाही असा सलग दहा दगडांचा टप्पा निवडावा आणि आकडे वाचण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. दहा दगडांना मीटर दहा किलोमीटरच्या आसपास आला तर काम झाले.

फरक आला, तर ‘ओडोमीटर ॲडजस्ट करून द्या’ असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की यात पिळण्याचा कोणताही स्क्रू नसतो. आकडे फक्त फेरे मोजतात. १४५/७० आर १२ (रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंची) टायरचा घेर गणिताने सुमारे १,५९५ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर १४५/८० चा टायर घातला तर तो सुमारे १,६८६ होतो, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के जास्त, आणि दहा किलोमीटरला मीटर साडेनऊच्याही थोडा खालीच राहतो. उलट गुळगुळीत होत आलेल्या टायरवर तोच मीटर नव्या टायरच्या तुलनेत दोन-अडीच टक्के जास्त दाखवतो. मीटर दुसऱ्या मॉडेलचा असेल किंवा पिनियनचे दात वेगळे असतील तर फरक याहून मोठा येतो आणि योग्य पिनियन शोधणे हाच त्यावरचा उपाय आहे. ही चूक त्याच टप्प्यावर प्रत्येक वेळी तेवढीच येते. एका फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत भलतीच येत असेल, तर टायरचा त्यात काही संबंध नाही. चाक अजूनही दंडावर घसरत आहे आणि मीटर पुन्हा टेबलावर घ्यावा लागेल.